फिरत्या घराची शीतनिद्रा

कॅनडा देशाच्या पश्चिम भागात आल्बर्टा नावाचा प्रांत आहे. त्या प्रांताच्या दक्षिणेस, बो नदीच्या काठी, कॅलगरी हे शहर वसले आहे. पूर्वेकडे नजर पोहोचेल तेथवर सपाट गवताळ मैदान आणि पश्चिमेकडे क्षितिजावर रॉकी पर्वताची बर्फाच्छादित रांग, अशा दोन अगदी भिन्न सृष्टींच्या उंबरठ्यावर हे गाव आहे. आमच्या थोरल्या बंधूंचा, म्हणजे दादांचा, मुलगा गेली पंधरा वर्षे नोकरीनिमित्त तेथे राहतो. त्याच्या आग्रहावरून २०२५ च्या सप्टेंबरात आम्ही तेथे गेलो आणि पाच महिने राहून वाईस परत आलो.

कॅलगरीहून आलेला मनुष्य प्रवासवर्णन लिहू लागला म्हणजे तो बॅन्फची सरोवरे, हिमनद्या आणि अस्वले यांविषयी लिहिणार हे ठरलेलेच. ही स्थळे आम्हीही पाहिली आणि ती वर्णनीय आहेत यात शंका नाही. परंतु आज वाचकांस जेथे न्यावयाचे आहे ते स्थळ कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात सापडावयाचे नाही. गावाच्या वेशीबाहेर, तारेच्या उंच कुंपणाने वेढलेले ते एक उघडे आवार आहे. तेथे झाड नाही, इमारत नाही, विजेची सोय नाही. हिवाळ्यात तेथे शेकडो मोटारी रांगेने उभ्या असतात आणि प्रत्येकीच्या छपरावर हातभर बर्फ साचलेले असते. पांढऱ्या दुलया पांघरून एखादे गावच्या गाव निजले आहे असा पाहणाऱ्यास भास होतो.

या मोटारी साध्या नव्हेत. तिकडे त्यांस मोटारहोम किंवा आर. व्ही. म्हणतात. मालमोटारीच्या सांगाड्यावर एक लांबट खोली बांधलेली असते. तिच्यात स्वयंपाकाचा ओटा, शीतकपाट, मोरी, शौचकूप आणि पाचसहा माणसांच्या निजण्याची सोय अशी सर्व व्यवस्था केलेली असते. अशी वाहने विसाव्या शतकाच्या आरंभापासून श्रीमंतांसाठी बनत आली. पुढे १९६६ साली अमेरिकेतील आयोवा संस्थानातल्या फॉरेस्ट सिटी गावी विनेबेगो कंपनीने ती मोठ्या प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला, तेव्हापासून ती मध्यम स्थितीतील कुटुंबांच्याही आटोक्यात आली. कॅनडातील उन्हाळा फार तोकडा. मे महिन्याच्या उत्तरार्धातील व्हिक्टोरिया डेच्या सुटीस ही घरे बाहेर पडतात आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या सुमारास परत येतात. म्हणजे वर्षाचे पाच महिने संसार आणि सात महिने झोप! या झोपेत त्या घराचे काय होते, हाच आजच्या लेखाचा विषय आहे. आणि तो लिहिण्यास आमच्या घरातील एक घटना कारण झाली आहे.

दादा टपाल खात्यात होते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत परदेशातून आलेल्या एका पाकिटावर त्यांनी रॉकी पर्वताचे चित्र असलेले तिकीट पाहिले. पाकिटाच्या मालकाकडून ते मागून घेऊन त्यांनी आपल्या पाकिटात ठेवले आणि पुढे पन्नासहून अधिक वर्षे ते तेथेच राहिले. मुलगा नेमका त्याच पर्वताच्या पायथ्याशी जाऊन राहिला हा योगायोग. "सकाळी उठून अंथरुणातूनच त्या शिखरावर ऊन पडलेले पाहावयाचे," एवढीच त्यांची इच्छा होती. परंतु वय एक्क्याऐंशी, गुडघे दुखरे आणि तासातासाने उठावे लागे. अशा माणसास साध्या मोटारीचा दूरचा प्रवास झेपणारा नव्हता. मुलाने पुष्कळ विचार करून, आपली पुंजी खर्चून, एक जुने मोटारहोम घेतले ते मुख्यतः यासाठी.

२०२३ साली घटस्थापना १५ ऑक्टोबरला, रविवारी होती. त्या दिवशी पुतण्याने गाडी त्या आवारात नेऊन उभी केली. पाण्याच्या नळ्या रिकाम्या केल्या, उंदीर शिरू नयेत म्हणून भोके बुजविली, गॅसची टाकी बंद केली आणि शेवटी घरातील मुख्य बटण दाबून सर्व दिवे मालविले. आपले काम झाले, आता गाडी वसंतापर्यंत सुखाने निजेल, असे समजून तो घरी आला.

येथे या गाडीच्या विद्युद्व्यवस्थेविषयी थोडे सांगितले पाहिजे. मोटारहोममध्ये दोन प्रकारच्या बॅटऱ्या असतात. पहिली इंजिन सुरू करण्याची. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीस विजेचा आरंभक लागला आणि हाताने दांडा फिरविण्याचा त्रास संपू लागला, तेव्हापासून ही बॅटरी मोटारीची अविभाज्य सोबतीण झाली आहे. हिच्या शिशाच्या पट्ट्या पातळ असतात. काही क्षण मोठा प्रवाह द्यावयाचा आणि मोकळे व्हावयाचे, एवढेच तिचे काम. दुसरी बॅटरी घराची. दिवे, पाण्याचा पंप, पंखा हे सर्व तिच्यावर चालते. हिच्या पट्ट्या जाड असतात, कारण हिला थोडा थोडा प्रवाह पुष्कळ वेळ पुरवावा लागतो. पुतण्याच्या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीस एक जोडून बारा व्होल्टचा हा घरगुती साठा केलेला होता. त्याची धारणाशक्ती २२० अँपिअर-तास इतकी होती.

पुतण्याने दाबलेले बटण दिव्यांचे होते, पंपाचे होते. परंतु सर्वांचे नव्हते. अशा गाडीत गॅसची गळती ओळखून शिटी वाजविणारे एक लहानसे यंत्र जमिनीलगत बसविलेले असते. झोपेत गॅस सुटला तर माणसे दगावू नयेत म्हणून ते पुष्कळ गाड्यांत मुद्दामच बटणाच्या कक्षेबाहेर, सरळ बॅटरीस जोडतात. त्यावर मुगाएवढा एक हिरवा दिवा अहोरात्र जळतो. हे यंत्र, रेडिओतील घड्याळ आणि असेच आणखी एकदोन चोरटे खाऊ मिळून अँपिअरचा जेमतेम दहावा हिस्सा खात होते. दहावा हिस्सा म्हणजे काहीच नव्हे, असे कोणीही म्हणेल. परंतु दिवसाचे तास चोवीस. तेव्हा दिवसाकाठी २.४ अँपिअर-तास गेले. १५ ऑक्टोबरपासून १३ जानेवारीपर्यंत नव्वद दिवस होतात. नव्वदास २.४ ने गुणिले म्हणजे २१६ येतात. साठा २२० चा होता!

१३ जानेवारी २०२४ हा दिवस आल्बर्टातील लोकांच्या चांगलाच स्मरणात आहे. पारा शून्याखाली तीस अंशांच्याही खाली उतरला होता, घरोघर उष्णतेची यंत्रे पूर्ण वेगाने चालू होती आणि विजेचा पुरवठा मागणीस पुरेना. त्या संध्याकाळी प्रांतातील प्रत्येक भ्रमणध्वनीवर एकाच वेळी कर्कश घंटा वाजून सरकारी सूचना आली, की अत्यावश्यक नसलेली वीज तत्काळ बंद करावी. लोकांनी ती ऐकली. काही मिनिटांतच मागणी उतरली आणि गावे अंधारात जाण्याचे संकट टळले. पुतण्याच्या घरीही सूनबाईंनी देवघरातील समई तेवढी ठेवून बाकीचे दिवे मालविले आणि मुलांना एका खोलीत निजविले. गावाबाहेरच्या आवारात मात्र, कोणाच्याही ध्यानीमनी नसताना, तो मुगाएवढा हिरवा दिवा साठ्यातील शेवटचे कण खात होता.

रिकामी झालेली बॅटरी थंडीत का फुटते, हे आता पाहू. आम्ही छत्तीस वर्षे शाळेत शास्त्र शिकविले. शिशाच्या बॅटरीचे समीकरण फळ्यावर किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. परंतु त्या समीकरणाचा अर्थ कळण्यास कॅलगरीचा हिवाळा पाहावा लागला. १८५९ साली फ्रान्समधील प्लाँते या शास्त्रज्ञाने हा घट प्रथम तयार केला, आणि त्याचे मूलतत्त्व आजही तेच आहे. शिसे, शिशाचे ऑक्साइड आणि पाणी मिसळलेले गंधकाम्ल, एवढी त्यातील सामग्री. वीज बाहेर पडू लागली म्हणजे अम्लातील गंधकाचा अंश दोन्ही पट्ट्यांवर जाऊन बसतो आणि मागे उरते ते अधिकाधिक पाणचट होत जाते. भरलेल्या बॅटरीतील द्रव पाण्याच्या १.२६५ पट जड असतो. तो गोठण्यास शून्याखाली पन्नास अंशांहूनही अधिक थंडी लागते. निम्मी बॅटरी पंचवीस अंशांच्या आसपास गोठते. अगदी रिकामीतील द्रव मात्र जवळजवळ पाणीच असल्यामुळे सातआठ अंशांच्या थंडीतच त्याचा बर्फ होऊ लागतो. बर्फ झाला की तो फुगतो, पट्ट्या वाकतात आणि पेटीला तडा जातो. म्हणजे भरलेली बॅटरी कॅलगरीच्या कोणत्याही थंडीस भीत नाही, आणि रिकामी बॅटरी तेथील साध्या रात्रीसही टिकत नाही. थंडीने बॅटरी मेली असे लोक म्हणतात. वास्तविक ती रितेपणाने मरते, थंडी केवळ निमित्त होते.

कॅलगरीच्या हवेचा आणखी एक विशेष येथे सांगावयास हवा. ऐन हिवाळ्यात पश्चिमेकडून डोंगर उतरून 'शिनूक' नावाचा कोरडा, उष्ण वारा येतो आणि काही तासांतच उष्णतामान वीसवीस अंशांनी वर चढते. आकाशात पश्चिमेस ढगांची कमान दिसू लागली म्हणजे लोक आनंदाने दारे-खिडक्या उघडतात. परंतु गोठून तडकलेल्या बॅटरीस हा वारा बाधक ठरतो. आतील बर्फ वितळते आणि अम्ल तड्यांतून ठिबकू लागते. पुतण्याच्या गाडीत बॅटऱ्यांचा कप्पा पायरीखाली होता व त्याच्याच तळाशी तारांचा जुडगा व विद्युन्नियंत्रणाची पेटी होती. त्या हिवाळ्यात गोठणे आणि वितळणे किती वेळा झाले कोण जाणे. कप्पा उघडून पाहण्यास कोणी गेलेच नाही.

२०२४ च्या मे महिन्यात दादा व वहिनी कॅलगरीस पोहोचली. शुभारंभ अक्षय्य तृतीयेस करावयाचा असे दादांनी वाईहूनच ठरवून ठेविले होते. तेव्हा १० मेच्या संध्याकाळी सर्वजण हळदीकुंकू, नारळ घेऊन आवारात गेले. पुतण्याने किल्ली फिरविली. टक् असा आवाज झाला, बाकी काही नाही. पायरीखालचा कप्पा उघडला तो उग्र वास आला. पेट्या फुगून तडकलेल्या, तारांवर हिरवट-पांढरी बुरशी चढलेली, लोखंड खाल्लेले. शेजारच्या रांगेत आपली गाडी झाडीत असलेले एक वृद्ध कॅनेडियन गृहस्थ जवळ आले. त्यांनी वाकून पाहिले व एकच प्रश्न विचारला, "शरद ऋतूत तारा सोडविल्या होत्या काय?" तो प्रश्न ऐकून आपण काय केले नाही हे पुतण्यास तत्काळ समजले.

नव्या बॅटऱ्या एका दिवसात मिळाल्या असत्या. परंतु खाल्लेल्या तारा आणि निकामी झालेली नियंत्रणाची पेटी यांस वेळ लागणार होता. वसंतात दुरुस्तीच्या कारखान्यांत गाड्यांच्या रांगा लागलेल्या असतात. गाडी तयार झाली ती जूनच्या चौथ्या आठवड्यात. दादांचे परतीचे तिकीट पहिल्या आठवड्याचे होते. बॅन्फ कॅलगरीपासून सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. साध्या मोटारीने सकाळी नेऊन संध्याकाळी त्यांस परत आणिले. दुपारी ढग होते. शिखर दिसले ते निम्मे.

दादांनी मुलास एका शब्दानेही दूषण दिले नाही. वाईस परत आल्यावर दूरध्वनीवर मात्र ते दर वेळी विचारीत, "काय रे, गाडी सुरू होते ना आता?" त्याच वर्षी मार्गशीर्षात ते गेले. पाकिटातील ते तिकीट वहिनींनी देवघरातील पोथीत ठेविले. आम्ही कॅलगरीस निघालो तेव्हा त्यांनी ते आमच्या हाती दिले आणि म्हणाल्या, "भाऊजी, हे तिकडच्या गाडीत लावा."

थँक्सगिव्हिंगच्या सुटीत पुतण्याने आम्हांस त्या गाडीतून नेले. डोंगरात दोन रात्री काढल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही अंथरुणातूनच पाहिले. शिखरावर ऊन आले होते. त्याविषयी अधिक लिहिणार नाही.

परत आल्यावर गाडीस निजविण्याची तयारी सुरू झाली आणि या वेळी आम्हीही हाताशी होतो. एखाद्या विधीप्रमाणे पुतण्या एकेक कृत्य क्रमाने करीत होता. ती येथे सविस्तर देतो, कारण वाचकांसही ती पुढेमागे उपयोगी पडतील.

प्रथम बॅटरीची टोके खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली. अम्लाचा अंश असला तर फसफसून निघून जातो. डोळ्यांस चष्मा आणि हातांस रबरी मोजे घातल्याखेरीज पुतण्याने झाकणास हात लाविला नाही. भरताना बॅटरीतून हायड्रोजन वायू सुटतो म्हणून गराजचे दार उघडे ठेविले व जवळ ठिणगी येऊ दिली नाही. मग गाडी घराच्या विजेस जोडून बॅटऱ्या पुरत्या भरल्या. भरणारे यंत्र हल्लीच्या पद्धतीचे, म्हणजे स्वतःच विचार करणारे आहे. आरंभी ते जोराने भरते, दाब सुमारे १४.४ व्होल्टवर गेला की हात आखडते, आणि पूर्ण भरल्यावर साडेतेराच्या आसपास उतरून केवळ झीज भरून काढण्यापुरता प्रवाह देत राहते. जुन्या पद्धतीची कित्येक यंत्रे असा हात आखडीत नाहीत. त्यांच्या भरवशावर बॅटरी हिवाळाभर सोडली तर पाणी आटून पट्ट्या उघड्या पडतात. आमच्या वाड्यातील नंदादीपाचे पुतण्यास स्मरण होते. तो म्हणाला, "काका, आजी वात मोठी करीत नसे आणि विझूही देत नसे, हेही तसेच आहे."

भरून झाल्यावर डिस्टिल्ड वॉटर घातले. हे पाणी आधी न घालता नंतर घालावे, कारण भरताना द्रव फुगतो व काठोकाठ असल्यास ओसंडतो. आधीच पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील इतकेच पाणी प्रथम घालावे. पट्टी हवेस लागली की ती खराब झालीच. लोणच्यावर जसा तेलाचा थर हवा तसा पट्ट्यांवर द्रवाचा थर हवा, असे सूनबाईंनी एका वाक्यात सांगितले आणि आमच्या छत्तीस वर्षांच्या अध्यापनापेक्षा ते अधिक स्पष्ट होते. नळाचे पाणी मात्र कधीही घालू नये. त्यातील क्षार पट्ट्यांस बाधतात.

रात्रभर बॅटऱ्या स्वस्थ ठेवून सकाळी मापन केले. विश्रांतीनंतर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाब दिसला म्हणजे बारा व्होल्टची बॅटरी भरलेली समजावी, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेली तर संकट जवळ आले. भरल्याभरल्या घेतलेले माप फसवे असते. नुकत्याच उकळी आलेल्या दुधासारखे ते वर आलेले असते.

नंतर तारा सोडविण्याचे काम. येथे क्रम महत्त्वाचा. आधी ऋण टोकाची तार सोडवावी, मग धन टोकाची. पुष्कळ गाड्यांचा लोखंडी सांगाडा ऋण टोकास जोडलेला असतो. धन टोक आधी सोडविताना पाना सांगाड्यास लागला तर मोठी ठिणगी पडते. लावताना उलट करावे, धन आधी, ऋण शेवटी. बटणावर विसंबू नये. बटण काय काय तोडते हे कारखानदारास ठाऊक. सोडविलेली तार काय तोडते हे आपल्या डोळ्यांस दिसते.

घरगुती साठ्याच्या दोन्ही बॅटऱ्या पुतण्याने घरच्या गराजमध्ये आणिल्या. एकेकीचे वजन तीस किलोच्या आसपास. आम्ही उचलू लागलो तर त्याने उचलू दिले नाही. त्या सिमेंटच्या जमिनीवर ठेवू नयेत असा उपदेश शेजारून आला. जुन्या काळी बॅटरीच्या पेट्या लाकडाच्या व कठीण रबराच्या असत, त्यांतून ओल झिरपे व जमिनीवर ठेविल्याने त्या उतरत; त्या काळचा हा अनुभव. आताच्या प्लॅस्टिकच्या पेटीस ती भीती नाही. तरीही वडीलधाऱ्यांचा मान राखून पुतण्याने त्या फळीवर ठेविल्या. इंजिनाची बॅटरी मात्र तारा सोडवून गाडीतच राहिली. भरलेली व सोडविलेली असेल तर थंडी तिच्या सोयीचीच आहे; कारण बॅटरी आपोआप उतरण्याची क्रिया उष्णतेत जलद आणि थंडीत मंद चालते. तथापि ती थांबत कधीच नाही. आणि उतरलेल्या अवस्थेत बॅटरी फार दिवस राहिली तर पट्ट्यांवरील सल्फेटचे खडे कठीण होतात व पुढे कितीही भरले तरी विरघळत नाहीत. म्हणून १२.४ च्या खाली माप गेले की घरी आणून पुन्हा भरावयाची, हा नियम.

महिन्यातून एकदा दहा मिनिटे इंजिन चालवावे, असेही पुष्कळजण सांगतात. थंडीत इंजिन सुरू करण्यास जितकी वीज खर्च होते तितकी दहा मिनिटांच्या रिकाम्या चालण्यात पुरती परत मिळत नाही. वर इंजिनात ओल धरते ती निराळीच. छपरावर सूर्यघट बसवावा म्हटले तर डिसेंबरात तेथे दिवस जेमतेम आठ तासांचा, आणि घटावर बर्फाची चादर. शेजारचे ते वृद्ध गृहस्थ आता लिथियमची बॅटरी वापरतात. तिची रीत अगदी वेगळी आहे. ती पूर्ण भरून ठेवावयाची नसते, सुमारे निम्मी ठेवावी. आणि ती स्वतः शून्याखाली थंड असताना कधीही भरू नये, भरल्यास आत लिथियम धातूचा थर बसून ती कायमची बिघडते. तेव्हा एकीचा नियम दुसरीस लावू नये.

इतके केल्यावरही पुतण्याचे समाधान झाले नव्हते. "मागच्या वेळी चूक तारांची नव्हती, काका," तो म्हणाला. "सात महिने मी गेलोच नाही, ही होती." त्याने महिन्यातून एकदा आवारात जाऊन माप घेण्याचा नेम केला. नेम केला की तो मोडतो, हे संसारी माणसास सांगावयास नको. म्हणून सूनबाईंनी त्यास तिथी जोडून दिली. त्या संकष्टी करतात. संकष्टी काही चुकत नाही; तेव्हा उपास त्यांचा आणि बॅटरी याची, असे ठरले. फराळाच्या वहीच्या मागील पानावर त्या तारीख व आकडा लिहून ठेवतात.

पौषातील अंगारकी ६ जानेवारी २०२६ रोजी आली. पुतण्या कचेरीतून आल्यावर आम्हीही हट्टाने त्याच्याबरोबर निघालो. थंडी बेताची आहे असे त्याचे मत होते. आमचे तसे नव्हते. आवाराच्या फाटकाशी गाडी थांबवून आम्ही बर्फातून चालत रांगेतून आत गेलो. कोठेही आवाज नव्हता. पुतण्याने झाकण उघडून मापकाच्या दोन सुया टोकांवर टेकविल्या आणि विजेरीचा प्रकाश आम्ही धरला. आकडा आला १२.६. त्याने सुया काढून पुन्हा टेकविल्या. तोच आकडा आला. मग गाडीत चढून त्याने निजण्याच्या जागेवरील फडताळाच्या दाराकडे विजेरी फिरविली. तेथे ते तिकीट होते. येत्या व्हिक्टोरिया डेच्या सुटीसाठी वहिनींचे जाणे ठरले आहे. गाडीतून उतरलो तेव्हा पूर्वेकडे मैदानावर चंद्र वर येत होता. सूनबाईंस दूरध्वनी करून पुतण्याने दोन्ही गोष्टी एकदम सांगितल्या.

असो. आमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी मोटारहोम असेल असे वाटत नाही. परंतु मुलांकडे सहा महिने परदेशी जाणारी घरे हल्ली गल्लोगल्ली आहेत. ती गॅस बंद करतात, नळ बंद करतात, तुळशीस पाणी घालण्यास शेजाऱ्यांस सांगतात. आणि दारातील मोटार व जिन्याखालची इन्व्हर्टरची बॅटरी आपापल्या नशिबावर सोडून जातात. मोटारीतील धोक्याच्या घंटेचा लाल दिवा तेवढा लुकलुकत राहतो.

हे आम्ही मोठ्या अधिकाराने लिहीत आहोत, त्याचेही कारण आहे. वाईस परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही आमची लहान मोटार सुरू करावयास गेलो. हे सारे शिकण्यापूर्वीच सप्टेंबरात आम्ही घर सोडले होते. किल्ली फिरविली. टक् असा आवाज झाला, बाकी काही नाही. ओसरीवर उभ्या असलेल्या वहिनी पुष्कळ दिवसांनी हसल्या. म्हणाल्या, "भाऊजी, सातासमुद्रापलीकडची पाहून आलात, आणि दारातली राहिली!"

आम्ही उत्तर दिले नाही. आत जाऊन पाना आणिला आणि प्रथम ऋण टोकाची तार सोडविली.